पार्टिशन उडवलं तरी एलव्हीएम परत येतं: नवं लिनक्स टाकण्याआधी जुने लॉजिकल व्हॉल्यूम मुळापासून कसे काढायचे

जुन्या कॉम्प्युटरवर नवं लिनक्स टाकायला बसावं, इन्स्टॉलरमध्ये आधीची पार्टिशनं उडवायला घ्यावीत आणि समोर संदेश यावा की हे पार्टिशन एका व्हॉल्यूम ग्रुपच्या वापरात आहे, बदलता येणार नाही. कधी पार्टिशन निमूट उडतं, नवं बनतं, आणि रीस्टार्ट केल्यावर त्याच जागी ‘सेंटओएस-रूट’, ‘सेंटओएस-स्वॅप’ ही जुनी नावं पुन्हा हजर होतात. कधी जीपार्टेडमध्ये (पार्टिशनं बदलायच्या साधनात) पार्टिशनासमोर कुलूप दिसतं आणि ‘डिलीट’ फिकट झालेलं असतं, दाबलंच जात नाही. ही सगळी लक्षणं एकाच दुखण्याची आहेत: डिस्कवर उरलेलं जुनं एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा लॉजिकल व्हॉल्यूममध्ये वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था. आणि ते दुखणं पूर्ण बरं होण्यासारखं आहे.

आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे हे वारंवार दिसतं, त्याला कारण आहे. शाळा, वाचनालयं, पतपेढ्या, घरगुती होमस्टे यांच्याकडे येणारे कॉम्प्युटर बरेचदा मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतून निघालेले असतात. त्यांवर सेंटओएस ७ किंवा जुनं फेडोरा हे लिनक्सचे प्रकार असतात. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, त्यामुळे आता ते काढून डेबियन, मिंट किंवा उबुंटू टाकणं हे शहाणपणाचंच आहे. पण सेंटओएसचा इन्स्टॉलर कोणी काही बदललं नाही तर स्वतःहून एलव्हीएमच मांडायचा. फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्त्याही २०२० मधल्या ३३ च्या आधीपर्यंत तसंच करायच्या. ३३ पासून त्या बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमकडे वळल्या. म्हणजे ज्याने कधी एलव्हीएमचं नावही ऐकलेलं नाही, त्याच्या हातात आलेल्या डिस्कवर ते असतं.

“ताई, डिस्क पुसलंय, पण तां जुनां परत इलां,” असा फोन मला वाचनालयातल्या एका मुलाने केला होता. त्याने खरंच पुसलं होतं. फक्त त्याने जे पुसलं तिथे एलव्हीएम राहत नाही.

ते परत का येतं

एलव्हीएमचे तीन थर असतात. सगळ्यात खाली फिजिकल व्हॉल्यूम, म्हणजे एलव्हीएमच्या ताब्यात दिलेलं पार्टिशन किंवा अख्खी डिस्क. अशा एक वा अनेक फिजिकल व्हॉल्यूमची मिळून बनलेली सामाईक जागा म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप. आणि त्या ग्रुपमधून कापून काढलेले तुकडे, ज्यांवर रूट (मुख्य प्रणाली), होम (वापरकर्त्याच्या फाइली), स्वॅप (रॅमच्या मदतीची जागा) वगैरे बसतं, ते लॉजिकल व्हॉल्यूम.

आता ही सगळी माहिती डिस्कवर कुठे लिहिलेली असते ते महत्त्वाचं. पार्टिशन टेबलमध्ये ती नसते. ती असते त्या पार्टिशनाच्या आत, अगदी सुरुवातीला. पहिल्या चार सेक्टरांपैकी (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) एकात, बहुतेक वेळा दुसऱ्यात, ‘लेबलवन’ अशी आठ इंग्रजी अक्षरांची खूण असते आणि तिच्या पुढच्या भागात ग्रुपचं नाव, त्यातले व्हॉल्यूम, कोणता कुठून कुठपर्यंत, असा साधा वाचता येणारा मजकूर असतो. पार्टिशन उडवलं म्हणजे फक्त टेबलमधली एक ओळ गेली. आतल्या त्या खुणेला कोणी हात लावलेला नसतो. दोन वाड्यांमधला गडगा पाडला म्हणून सातबाऱ्यावरची नावं जात नाहीत, तसंच हे.

पुढची गंमत सेक्टरांच्या हिशोबाची आहे. आजकालचे बहुतेक इन्स्टॉलर पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर १ एमबीवर सुरू करतात आणि पुढची पार्टिशनंही त्याच पटीत बसवतात. त्यामुळे तुम्ही नवं पार्टिशन बनवलंत की पुष्कळदा ते जुन्याच ठिकाणी सुरू होतं. लिनक्स तिथे बघतं, जुनी खूण जशीच्या तशी सापडते, आणि एलव्हीएम आपला ग्रुप पुन्हा उभा करतं. यात बिघाड काहीच नाही. डिस्क एका मशीनमधून काढून दुसऱ्यात लावली तरी ग्रुप सापडावा म्हणूनच ते असं बनवलेलं आहे.

‘वापरात आहे’ हा संदेश येतो तोही याच स्वभावामुळे. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू झालं की डिस्क शोधता शोधता त्याला हा ग्रुप दिसतो आणि ते तो आपोआप चालू करतं. तुम्ही काहीही माउंट केलेलं, म्हणजे वापरायला जोडलेलं, नसलं तरी कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ते पार्टिशन धरून ठेवलेलं असतं. मग इन्स्टॉलरने कितीही सांगितलं तरी कर्नल ते सोडत नाही.

म्हणून उलगडायचं ते वरून खाली: आधी लॉजिकल व्हॉल्यूम, मग ग्रुप, मग फिजिकल व्हॉल्यूम, आणि सगळ्यात शेवटी पार्टिशन. लोक नेमकं उलटं, खालून सुरू करतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की इन्स्टॉलरच्या खिडकीत हे करायला जाऊच नका. लाइव्हमध्ये टर्मिनल उघडून दहा मिनिटांत हे नीट होतं, आणि प्रत्येक पायरीला काय झालं ते डोळ्यांनी दिसतं.

कमांडबद्दल एक सूचना. इथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्याच उच्चाराची छोटी इंग्रजी अक्षरं वापरायची, आणि इथे जिथे जागा सोडली आहे तिथेच सोडायची. ‘एलव्हीरिमूव्ह’ म्हणजे एल, व्ही आणि त्याला चिकटून रिमूव्ह. ‘सेंटओएस’ हे माझ्या उदाहरणातलं ग्रुपचं नाव आहे आणि ‘एसडीए३’ हे पार्टिशन. तुमच्याकडे दोन्ही वेगळी असू शकतात. एनव्हीएमई डिस्क असेल तर नाव ‘एनव्हीएमई०एन१पी३’ असं लांबलचक असतं.

हात लावण्याआधी बघून घ्या

सुडो एलएसबीएलके

ही कमांड काही बदलत नाही, फक्त दाखवते. ५०० जीबीच्या एका जुन्या ऑफिसच्या डिस्कवर असं दिसतं:

एसडीए — ४६५.८ जीबी — डिस्क
└ एसडीए१ — २०० एमबी — पार्टिशन
└ एसडीए२ — १ जीबी — पार्टिशन
└ एसडीए३ — ४६४.६ जीबी — पार्टिशन
  └ सेंटओएस-रूट — ५० जीबी — एलव्हीएम
  └ सेंटओएस-स्वॅप — ७.८ जीबी — एलव्हीएम
  └ सेंटओएस-होम — ४०६.८ जीबी — एलव्हीएम

एसडीए१ हे बूटचं ईएफआय पार्टिशन, एसडीए२ हे ‘/बूट’, आणि खरा संसार एसडीए३ च्या पोटात. तुमचा पेनड्राइव्हही याच यादीत एसडीबी किंवा एसडीसी म्हणून दिसेल. आकारावरून कोण कोण आहे ते ओळखा आणि कागदावर लिहून घ्या. एसडीए आणि एसडीबी ही नावं कायमची नसतात. रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकते, म्हणून दर वेळी ही कमांड देऊनच पुढे जा.

नंतर या तीन:

सुडो पीव्हीएस
सुडो व्हीजीएस
सुडो एलव्हीएस

पहिलीत कोणतं पार्टिशन कोणत्या ग्रुपमध्ये आहे ते कळतं, दुसरीत ग्रुपची नावं, तिसरीत लॉजिकल व्हॉल्यूम. पीव्हीएसच्या यादीत एकच ग्रुप दोन डिस्कांसमोर दिसला तर तिथेच थांबा. म्हणजे कोणीतरी दोन डिस्का जोडून एक ग्रुप केला आहे, आणि तो काढलात तर दुसऱ्या डिस्कवरचाही सगळा डेटा जाणार. ‘कमांड सापडली नाही’ असं आलं तर त्या लाइव्हमध्ये ‘एलव्हीएम२’ हे पॅकेज नाही. नेट जोडून ते आधी टाका.

एका गोष्टीने नवे लोक फार गोंधळतात. उबुंटू सर्व्हरच्या ग्रुपचं नाव असतं ‘उबुंटू-व्हीजी’ आणि व्हॉल्यूमचं ‘उबुंटू-एलव्ही’. पण एलएसबीएलकेमध्ये ते ‘उबुंटू--व्हीजी-उबुंटू--एलव्ही’ असं, दोन-दोन आडव्या रेघांनी दिसतं. ग्रुप आणि व्हॉल्यूम यांच्यामध्ये जोडणारी रेघ एकच. नावातली मूळ रेघ असेल तर ती दुप्पट करून दाखवतात, म्हणजे कुठली कोणती ते कळावं. एलव्हीरिमूव्हला नाव देताना दुप्पट रेघा टाइप करायच्या नाहीत. एलव्हीएसमध्ये दिसतं तेच नाव द्यायचं.

आणि आता डेटा. हा कॉम्प्युटर तुमच्याकडे येण्याआधी कोणाचा तरी होता किंवा तुमच्याच घरातला आहे. होमचा व्हॉल्यूम उघडून आत बघा. फोटो, हिशोबाच्या फाइली, शाळेचे निकाल, काहीही असू शकतं. जे हवं ते बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. शिवाय नकाशाची एक प्रत ठेवा:

सुडो व्हीजीसीएफजीबॅकअप -एफ /मीडिया/तुमचा-पेनड्राइव्ह/नकाशा सेंटओएस

ही छोटीशी टेक्स्ट फाइल असते. एरवी एलव्हीएम अशी प्रत स्वतःच ‘/ईटीसी/एलव्हीएम’ च्या खाली ठेवतं, पण लाइव्हमध्ये ती रॅममध्ये पडते आणि रीस्टार्टला जाते. चुकीचा व्हॉल्यूम उडाला आणि त्यावर अजून काही लिहिलं गेलेलं नसेल, तर या फाइलवरून ‘व्हीजीसीएफजीरिस्टोअर’ ने तो परत उभा करता येतो. फाइलमध्ये डेटा नसतो, फक्त कुठे काय होतं ते असतं, हे मात्र ध्यानात ठेवा.

आता काढा

आधी जे माउंट झालं असेल ते उतरवा आणि स्वॅप बंद करा:

सुडो यूमाउंट /डेव्ह/सेंटओएस/होम
सुडो स्वॅपऑफ -ए

स्वॅपची ओळ विसरू नका. काही लाइव्ह प्रणाली डिस्कवर स्वॅप दिसला की न विचारता वापरायला घेतात, आणि मग तोच एक व्हॉल्यूम निघता निघत नाही. माझ्या पाहण्यातल्या ‘निघत नाही’ च्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा कारण हेच निघालं आहे.

सुडो एलव्हीरिमूव्ह सेंटओएस

नुसतं ग्रुपचं नाव दिलं की त्यातला एकेक व्हॉल्यूम घेऊन ती विचारते, खरंच काढू का? प्रत्येकाचं नाव वाचून ‘वाय’ दाबा. सगळ्याला एकदम होकार देणारा ‘-वाय’ हा पर्याय आहे, पण तो मी कोणाला सुचवत नाही. ते विचारणं हाच तुमचा शेवटचा बांध आहे.

सुडो व्हीजीरिमूव्ह सेंटओएस
सुडो पीव्हीरिमूव्ह /डेव्ह/एसडीए३

पीव्हीरिमूव्ह झाल्यावर लेबलं यशस्वीरीत्या पुसली असा संदेश येतो. सुरुवातीला सांगितलेली ती आठ अक्षरांची खूण इथे जाते. हीच पायरी राहून जाते, आणि हीच राहिली की रिकामं फिजिकल व्हॉल्यूम पुढच्या इन्स्टॉलरला पुन्हा आडवं येतं.

आता खात्री करा:

सुडो वाइपएफएस /डेव्ह/एसडीए३

पर्याय न देता चालवली तर ही कमांड काही पुसत नाही, फक्त उरलेल्या खुणा दाखवते. काहीच आलं नाही तर उत्तम. एखादी जुनी खूण दिसली तर त्याच ओळीत ‘-ए’ घालून ती काढा.

इथे एका रूढ सल्ल्याबद्दल बोलायला हवं. ‘सरळ अख्ख्या डिस्कवर वाइपएफएस चालव’ किंवा ‘डीडीने (डिस्कवर थेट लिहिणाऱ्या कमांडने) पहिले काही एमबी शून्य कर’ असं सर्रास सांगतात. ‘/डेव्ह/एसडीए’ वर ‘-ए’ घालून वाइपएफएस चालवलं तर पार्टिशन टेबलच्या खुणा जातात. एसडीए३ च्या आतलं एलव्हीएम तसंच राहतं. डीडीने सुरुवातीचे काही एमबी शून्य केले तर तितकीच जागा शून्य होते, आणि एसडीए३ तर तिथून एक जीबीहून पुढे सुरू होतं. जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीही असते, ती डीडीला सापडत नाही. वाचनालयातल्या त्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं. खुणा पार्टिशनागणिक काढायच्या, टेबल सगळ्यांत शेवटी. आणि डीडीमध्ये एका अक्षराची चूक म्हणजे दुसरी डिस्क साफ. या कामाला त्याची गरजच नाही.

हे सगळं झालं की लाइव्ह पुन्हा सुरू करा, पीव्हीएस द्या. काही छापलं नाही म्हणजे मैदान मोकळं. आता इन्स्टॉलर उघडा, तो मुकाट्याने पार्टिशनं उडवू देईल.

मध्येच अडलं तर

‘फाइलसिस्टिम इन यूज’ असा संदेश आला, तर काहीतरी अजून माउंट आहे. फाइल मॅनेजरमध्ये नुसतं कुतूहलाने त्या डिस्कवर क्लिक केलं तरी ती माउंट होते. ‘फाइंडएमएनटी’ आणि ‘स्वॅपऑन --शो’ या दोन कमांड काय चिकटलं आहे ते दाखवतात. टर्मिनल स्वतःच त्या फोल्डरमध्ये उभं असेल तरीही यूमाउंट नकार देतं. आधी ‘सीडी’ करून घरी या.

माउंट काही नाही, स्वॅप नाही, तरी ‘बिझी’ म्हणतंय? मग ग्रुप एकदा बंद करून बघा:

सुडो व्हीजीचेंज -ए एन सेंटओएस

तरी ऐकत नसेल तर ‘सुडो डीएमसेटअप एलएस --ट्री’ द्या. कोण कोणावर बसलं आहे त्याचं झाड दिसतं. लॉजिकल व्हॉल्यूमच्या वर आणखी एखादा एन्क्रिप्शनचा थर असला तर तो इथे उघडा पडतो; आधी तो बंद करा, मग खालचा.

एन्क्रिप्शन उलट बाजूनेही असतं, म्हणजे पार्टिशन लक्सने (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनने) कुलूपबंद आणि एलव्हीएम त्याच्या आत. लॅपटॉपवर हाच प्रकार जास्त. पासफ्रेज माहीत नसेल तर आतलं एलव्हीएम लाइव्हला दिसतच नाही, त्यामुळे आडवंही येत नाही. पार्टिशनावरची लक्सची खूण वाइपएफएसने काढली की झालं. पण तुम्ही पासफ्रेज देऊन ते उघडलं असेल, तर आधी व्हीजीचेंजने ग्रुप बंद, मग ‘क्रिप्टसेटअप क्लोज’ ने कुलूप बंद, आणि मग पुसणं.

पार्टिशन आधीच उडवून बसला आहात आणि एलएसबीएलकेमध्ये लॉजिकल व्हॉल्यूमची भुतं अजून दिसताहेत, असंही होतं. कर्नलच्या आठवणीत जुने नकाशे राहिलेले असतात. ‘सुडो डीएमसेटअप रिमूव्ह सेंटओएस-होम’ असं एकेक काढता येतं. याच कमांडचा ‘रिमूव्ह_ऑल’ हा प्रकार चुकूनही वापरू नका, कारण फेडोराच्या अनेक लाइव्ह आवृत्त्या स्वतःच त्याच यंत्रणेवर उभ्या असतात. ‘लाइव्ह-आरडब्ल्यू’ नावाची नोंद दिसली तर ती तुमच्या पायाखालची फांदी आहे असं समजा. खरं सांगायचं तर अशा वेळी सरळ रीस्टार्ट करणं बरं. परत आल्यावर नवं पार्टिशन जुन्याच ठिकाणी बनवून एलव्हीएम परत दिसू द्या आणि मग वरून खाली नीट काढा.

ग्रुपची एक डिस्कच गायब असणं हा प्रकार आमच्याकडे पावसाळ्याच्या कृपेने जास्त दिसतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर माझ्याकडे आलेल्या एका डेस्कटॉपमध्ये दोनपैकी भिजलेली डिस्क काढून टाकलेली होती आणि ग्रुप मात्र दोन डिस्कांवर पसरलेला. पीव्हीएसमध्ये एका ओळीत डिस्कच्या नावाऐवजी ‘अननोन’ येत होतं, सोबत अमुक ओळखक्रमांकाचं उपकरण सापडत नाही असा इशारा. व्हीजीरिमूव्ह अशा अर्धवट ग्रुपला हात लावत नाही. आधी हरवलेली डिस्क ग्रुपमधून कमी करावी लागते:

सुडो व्हीजीरिड्यूस --रिमूव्हमिसिंग --फोर्स सेंटओएस

यात हरवलेल्या डिस्कवर ज्याचा भाग होता ते व्हॉल्यूम जातात. म्हणून ही कमांड फक्त सगळंच काढायचं ठरलं असेल तेव्हाच. उरलेल्या डिस्कवर कोणाचे फोटो असण्याची शक्यता असेल तर आधी ते वाचवायचा प्रयत्न करा, घाई करू नका.

एकाच नावाचे दोन ग्रुप हीही अडचण येते. दोन ऑफिस-मशीनच्या डिस्का एकत्र लावल्या, दोन्हीवर ‘सेंटओएस’, आणि एलव्हीएम विचारतं यातला कोणता? सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मशीन बंद करून एका डिस्कची केबल काढणं. ते शक्य नसेल तर ‘व्हीजीएस -ओ +व्हीजी_यूयूआयडी’ ने दोघांचे ओळखक्रमांक बघा आणि ‘व्हीजीरिनेम’ ला तो क्रमांक देऊन एकाचं नाव बदला.

उलट अडचण अशी: डिस्कवर एलव्हीएम आहे हे एलएसबीएलकेला दिसतं, पण पीव्हीएस रिकामं. आरएचईएल ९ (रेड हॅटचं लिनक्स) आणि त्याच घराण्यातल्या अल्मा, रॉकी यांच्यावर बसून तुम्ही बाहेरून जोडलेली डिस्क साफ करत असाल तर असं होतं. तिथे एलव्हीएम फक्त आपल्या यादीत नोंदवलेल्या डिस्काच बघतं. ‘पीव्हीएस --डिव्हाइसेसफाइल’ आणि त्यापुढे रिकामे दुहेरी अवतरण, असं दिलं की ती यादी बाजूला ठेवून सगळं दाखवतं. काढण्याच्या कमांडनाही तोच पर्याय जोडायचा.

प्रॉक्समॉक्सची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीची) डिस्क असेल तर ग्रुपचं नाव ‘पीव्हीई’ असतं आणि त्यात ‘डेटा’ नावाचा थिन पूल, म्हणजे लागेल तशी जागा देणारा सामाईक साठा. तो पूल काढला की त्यावरच्या सगळ्या व्हर्च्युअल मशीनच्या डिस्का एकदम जातात.

सगळं काढायलाच हवं असं नाही

घरचाच कॉम्प्युटर असेल आणि फक्त लिनक्स बदलायचं असेल, तर होमचा व्हॉल्यूम ठेवून द्या. एलव्हीएमचा खरा फायदा तिथेच आहे. फक्त रूट काढा:

सुडो एलव्हीरिमूव्ह सेंटओएस/रूट

मग मोकळ्या झालेल्या जागेत ‘एलव्हीक्रिएट’ ने नवा रूट बनवा आणि इन्स्टॉलरमध्ये हाताने पार्टिशन निवडायच्या पर्यायातून त्यावर नवी प्रणाली टाका. होमला माउंट पॉइंट द्यायचा, पण फॉरमॅटची खूण काढून टाकायची. डेबियनचा इन्स्टॉलर हे चांगलं हाताळतो. बॅकअप तरीही हवाच, कारण त्या एका चौकटीत खूण राहिली की सगळं गेलं. आणि नव्या प्रणालीत वापरकर्त्याचं नाव जुनंच ठेवलं तर जुन्या सेटिंगच्या फाइली नव्या डेस्कटॉपला कधी कधी त्रास देतात. मी नाव वेगळं ठेवते आणि कागदपत्रं नव्या घरात हलवून त्यांची मालकी बदलून घेते.

कॉम्प्युटर दुसऱ्याला द्यायचा असेल तर मात्र वेगळा विचार करा. एलव्हीरिमूव्हने नकाशा जातो, डेटा डिस्कवर तसाच पडून राहतो आणि जाणकाराला तो काढता येतो. जुन्या ऑफिसची, पतपेढीची माहिती असलेली डिस्क असेल तर तिच्यावर पूर्ण शून्य लिहिल्याशिवाय ती शाळेच्या लॅबमध्ये ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. मोठ्या हार्ड डिस्कला त्यासाठी काही तास लागतात, रात्रभर लावून ठेवायचं.

रात्रभर म्हटलं की विजेचा प्रश्न आला. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वादळ-वारा झाला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो. एलव्हीएमच्या कमांड सेकंदांत होतात, त्यांना धोका कमी; पण फॉरमॅट आणि इन्स्टॉल चालू असताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर लावा, लॅपटॉपची बॅटरी आधी भरून घ्या. आणि विजा चमकत असताना नेटची वायर आणि प्लग दोन्ही काढून ठेवा.

किनाऱ्याजवळच्यांसाठी आणखी एक. पीव्हीएस किंवा एलव्हीएस चालवल्यावर ‘इनपुट/आउटपुट एरर’ असे शब्द दिसले, तर दोष एलव्हीएममध्ये शोधू नका. खाऱ्या, दमट हवेने साटा केबलच्या टोकांना आणि डिस्कच्या जोडणीच्या पट्ट्यांना हिरवट-काळी पुटं चढतात, संपर्क मधूनच तुटतो आणि वाचन अर्ध्यात थांबतं. मशीन बंद करून, प्लग काढून केबल दोन्हीकडून सोडवा, टोकं बघा, केबल बदलून बघा. मग ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’ ने डिस्कची तब्येत तपासा. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांचे आकडे शून्याहून वर असतील आणि वाढत असतील, तर त्या डिस्कवर नवं लिनक्स टाकण्यात अर्थ नाही.

नवं लिनक्स बसल्यावर बूटच्या यादीत जुनं ‘सेंटओएस’ हे नाव दिसत राहिलं तर घाबरू नका. ते एलव्हीएमचं नाही. ती नोंद मदरबोर्डच्या मेमरीत असते. ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर’ ने यादी बघा, जुन्या नोंदीचा चार आकडी क्रमांक घ्या आणि तो देऊन ‘-बी’ छोटं व ‘-बी’ मोठं अशा दोन पर्यायांनी ती काढा. क्रमांक छोट्या बीच्या पुढे. त्याच डिस्कवर विंडोज असेल तर ईएफआयचं पार्टिशन मात्र फॉरमॅट करू नका, त्याचंही बूट तिथेच राहतं.

एवढं करूनही अडलात आणि कोणाची मदत घ्यायची झाली, तर ‘एलएसबीएलके -एफ’, पीव्हीएस, व्हीजीएस आणि एलव्हीएस या चारही कमांडचं पूर्ण उत्तर आणि आलेला संदेश शब्द न बदलता पाठवा. दोन डिस्का असतील तर कोणती ठेवायची आणि कोणती साफ करायची हे पहिल्याच ओळीत लिहा.